सातव्या इनिंगनंतर

हिल्सबरो, ऑकलंड
९ मार्च २००३

अहो,

तुम्ही पुण्याला सुखरूप पोचलात हे निशिगंधाच्या फोनवरून कळलं. नवऱ्याची खबर नणंदेकडून घ्यायची वेळ आली माझ्यावर. ईमेल केली तर न वाचता पुसून टाकाल, म्हणून कागदावर लिहितेय. पाकीट तरी हातानं फोडावं लागेल.

इंद्रनील काल अमेरिकेला गेला. जाताना तुम्ही म्हणालात, इंजिनिअरिंग अर्धवट टाकून जो दांडक्यानं चेंडू मारत हिंडणार त्याचा बाप म्हणून मला इथे राहायचं नाही. पहिली गोष्ट म्हणजे तो चेंडू मारत नाही, टाकतो. बेसबॉलमध्ये त्याला पिचर म्हणतात. अकरा वर्षं या देशात राहून आपला मुलगा मैदानावर नेमकं काय करतो तेवढंसुद्धा तुम्ही पाहिलं नाहीत, आणि भांडण मात्र अगदी जाणकारासारखं केलंत.

अमेरिकेतल्या एका मोठ्या क्लबनं त्याला आपल्या खालच्या संघात घेतलंय. खालून वर पाच पायऱ्या असतात, त्यातली ही सगळ्यात खालची. पण या देशातून वर्षाला एखाद-दुसराच मुलगा तिथवर जातो, असं हेमी सांगतो. हेमी म्हणजे त्याचा कोच, तोच तो दांडगा माओरी माणूस, ज्याला तुम्ही दारातच उभं ठेवलं होतंत. काल तो विमानतळावर आला, 'किया ओरा, मम' असा माओरी नमस्कार केला आणि इंद्रनीलपेक्षा जास्त रडला. मी रडले नाही. माझा मुलगा ताशी एकशे पंचेचाळीस किलोमीटरनं चेंडू टाकतो. मी का रडू?

परत या असं मी म्हणणार नाही. दाराची चावी तुमच्याकडे आहेच.

नीलांबरी


हिल्सबरो
१५ ऑक्टोबर २००६

अहो,

सहा पत्रं झाली, एकाचंही उत्तर नाही. निशिगंधा म्हणते तुम्ही ती वाचता आणि कपाटात ठेवता. बरंय, ठेवा. आणखी एक घ्या.

तीन पायऱ्या चढला आपला मुलगा. गेल्या वर्षी मी वॉर्डातून तीन आठवड्यांची रजा काढून त्याच्याकडे गेले होते, ते तुम्हाला मागेच लिहिलं. पण एक राहून गेलं. त्या गावात बेसबॉलखेरीज दुसरं काही नाहीच, त्यामुळे संध्याकाळी सगळं गाव मैदानात. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं मला विचारलं, तुझं कोण खेळतंय? मी बोट दाखवलं. तिनं उठून आख्ख्या ओळीला सांगितलं, पिचरची आई आलीय. मग काय विचारता! कुणी शेंगदाणे दिले, कुणी पाठीमागे उशी दिली. माझ्या बाळंतपणातसुद्धा कुणी माझे इतके लाड केले नव्हते. त्या दिवशी त्यानं अकरा जणांना बाद केलं, आणि दर वेळी सगळं गाव 'नील, नील' असं ओरडत होतं. 'इंद्र' त्यांच्या तोंडात बसत नव्हतं.

आता वाईट बातमी. कोपराचं ऑपरेशन झालं. मी नर्स आहे, हात पूर्वीसारखा होणार नाही हे एक्स-रे पाहिल्याबरोबर मला कळलं होतं, पण मी त्याला 'बरं होईल' एवढंच म्हटलं. क्लबनं वाट पाहिली नाही, एका फोनवर मोकळं केलं. ऑगस्टपासून तो घरी आहे. दहा वाजेपर्यंत झोपतो, उठला की भिंतीवर चेंडू मारतो. शेजारी बिचारे काही बोलत नाहीत.

पण संपलेलं नाही. जानेवारीत ऑस्ट्रेलियाचा एक क्लब इथे तीन सामने खेळायला येतोय आणि जपानच्या एका व्यावसायिक संघाची दोन माणसं खास पिचर शोधायला येणार आहेत. हेमी म्हणतो, चांगला खेळला तर त्याला तिथे घेतील. कोपर टिकलं तर पाच-सहा वर्षं निघतील.

त्याला दोन ओळी लिहा. मला नका लिहू, त्याला लिहा.

नीलांबरी


हिल्सबरो
३० जानेवारी २००७

अहो,

पेपरात यायच्या आधी माझ्याकडून ऐका.

शनिवारी तिसरा सामना होता. नऊपैकी सातव्या इनिंगपर्यंत समोरच्या एकालाही त्याच्या चेंडूवर धड फटका मारता आला नव्हता. एकही नाही! असं क्वचित होतं, त्यामुळे त्याच्या संघातली पोरं बाकावर त्याच्याशी बोलतसुद्धा नव्हती. बोललं की नाट लागते असं इथले गोरेही मानतात. जपानची ती दोन माणसं वहीत भराभर लिहीत होती.

मग त्यांच्या बॅटरनं चेंडू उचलून अंपायरला दाखवला. पांढऱ्या चेंडूवर लाल डाग. अंपायरनं इंद्रनीलचे हात पाहिले, मोजे पाहिले, मग कॅप मागितली. कॅपच्या आत जी पट्टी कपाळाला टेकते तिच्यावर काहीतरी लाल आणि चिकट लागलेलं होतं. पिचरच्या अंगावर असं काही चालत नाही. चेंडूला तेलकट लागलं की तो हवेत भलतीकडेच वळतो, आणि ते लपवायची जुनी जागा म्हणजे कॅप. त्याला तिथल्या तिथे बाहेर काढलं.

त्यानं कॅपकडे क्षणभर पाहिलं, चेंडू हेमीच्या हातात दिला आणि चालू लागला. लोक 'चीट, चीट' ओरडत होते. जपानच्या माणसांनी वही मिटली.

कुणी लावलं, कसं लागलं, काही कळायला मार्ग नाही. मला जास्त विचारू नका.

नीलांबरी


हिल्सबरो
११ मार्च २००७

अहो,

बेसबॉल असोसिएशननं चौकशी केली. दोन वर्षं बंदी. कागदावर लिहिलंय, 'हेतुपुरस्सर फसवणूक'. चोवीस वर्षांच्या पिचरला दोन वर्षं म्हणजे संपलंच म्हणायचं. जपानच्या संघानं दुसरा मुलगा घेतला.

चौकशीत त्यानं एकच उत्तर दिलं, मला काही सांगायचं नाही. मी बाहेर पॅसेजमध्ये थर्मास घेऊन बसले होते.

आणि तुम्ही! निशिगंधाकडून कळलं. भाच्याच्या लग्नात पंगतीत बसून तुम्ही चारचौघांत सांगितलंत, मला ठाऊकच होतं, शेवटी लबाडी करताना पकडला गेला. चार वर्षं त्याच्याबद्दल अवाक्षर नाही, आणि तोंड उघडलंत ते यासाठी? घास कसा गिळवला तुम्हाला?

तो लबाड नाही. हे मी पक्कं सांगते. कसं ते विचारू नका.

नीलांबरी


हिल्सबरो
२२ जुलै २००७

अहो,

आज सरळ लिहिते. बसून वाचा.

ते मी लावलं होतं. कॅपमध्ये. कुंकू.

लहानपणापासून प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक सामन्याला मी त्याला औक्षण करून कुंकू लावत आले. अमेरिकेहून आल्यापासून तो नको म्हणायला लागला. घामानं डोळ्यात उतरतं, आई, नो टिळा, प्लीज. मी वरवर 'बरं' म्हटलं. पण त्या शनिवारी एवढं सगळं पणाला लागलेलं, आणि पोराला कुंकवाचं बोट लावल्याशिवाय घराबाहेर सोडायचं? तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्याची कॅप उलटी केली. नवं वाहन घेतलं की आपण काढतो तसं आतल्या पट्टीवर कुंकवानं 'श्री' काढलं. कोरडं कुंकू कापडावर टिकेना. माझी आजी आधी मेण लावायची आणि वर कुंकू, ते मला आठवलं. घरात मेण कुठलं? ड्यूटीच्या पिशवीत व्हॅसलीनची डबी होती.

व्हॅसलीन! बेसबॉलमध्ये फसवायला शंभर वर्षं लोक हेच वापरतात, हे मला नंतर हेमीनं सहज बोलता बोलता सांगितलं. तो बिचारा मला नियम समजावून सांगत होता आणि मी समोर बसून मान डोलावत होते. दर दोन-तीन चेंडूंनी कॅप काढून आत बोटं घालायची, पट्टी सारखी करायची आणि परत घालायची, ही इंद्रनीलची सवय. चार वर्षं मी ती टीव्हीवर, मैदानावर पाहतेय. तरी माझ्या डोक्यात आलं नाही.

अंपायरनं कॅप उलटी केली त्याच क्षणी मला कळलं होतं. मी उठून ओरडायला हवं होतं. मी पर्स घट्ट धरून बसून राहिले. का? आधी वाटलं, लोक हसतील, हिंदू बाईचे जादूटोणे म्हणतील. मग वाटलं, वॉर्डात कळेल. मी तिथे तीस नर्सेसना स्वच्छता शिकवते. पण खरं कारण तुम्ही. तुम्हाला कळलं तर तुम्ही म्हणाल, मुलगा तर वाया घालवलासच, वर त्याचा खेळही तूच बुडवलास. मला तुम्हाला जिंकू द्यायचं नव्हतं. एवढ्यासाठी मी सहा महिने माझ्या पोराला लबाड म्हणवून घेऊ दिलं.

काल स्वयंपाकघरात तो लसूण सोलत होता. त्याला आता एका गोदामात काम आहे, शनिवारी सुट्टी असते. मी भांडं खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यानं मान वर केली नाही. तुम्हाला माहीत आहे, तो आपलं सगळं समजतो पण उत्तर इंग्रजीत देतो. काल मराठीत बोलला.

"आई, तुझं अक्षर मला कळणार नाही का?"

त्यानं मैदानातच वाचलं होतं. लहानपणी त्याच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर मीच 'श्री' घालायचे, शेपूट जरा लांब काढून. अंपायरच्या हातातल्या कॅपमध्ये ते शेपूट त्याला दिसलं आणि तो गप्प झाला. मी विचारलं, अरे मग सांगितलं का नाहीस? म्हणाला, ते तुला आत बोलावणार, प्रश्न विचारणार, पेपरात तुझा फोटो. दोन वर्षं काय, मी काढली असती. स्वीट ॲज, म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत, काही बिघडलं नसतं.

मी ओट्याला धरून रडले. आयुष्यात इतकी लाज वाटली नव्हती आणि इतका अभिमानही वाटला नव्हता. आता तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा. मी अपील करतेय. मुदत संपत आलीय, हेमी फॉर्म आणायला गेलाय.

नीलांबरी


हिल्सबरो
१६ सप्टेंबर २००७

अहो,

जिंकले मी. कसं ते ऐका.

अपील ऐकायला तीन माणसं होती. दोन पुरुष आणि अध्यक्ष म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका. कॅप प्लास्टिकच्या पिशवीत सील करून ठेवलेली होती, जानेवारीपासून कुणी उघडलेली नव्हती. मी माझा कुंकवाचा करंडा आणि व्हॅसलीनची डबी टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. इंग्रजी माझं वॉर्डातलं आहे, पण रोग्याच्या नातेवाइकांना समजावून सांगायची वीस वर्षांची सवय आहे.

एकानं विचारलं, तुमच्या धर्मात कॅपला असं लावायला सांगितलंय का? मी म्हटलं, धर्मात कॅपच नाही हो, आईला सुचलं. बाई हसल्या. तो हसला नाही. मग त्यानं जे विचारायला हवं होतं तेच विचारलं. मुलाला वाचवायला आई काहीही सांगेल. तुम्ही हे आज रचलेलं नाही कशावरून? अंपायरच्या अहवालात तर 'बोटांनी ओढलेले फराटे' असं लिहिलंय.

मी म्हटलं, ते फराटे नाहीत, अक्षर आहे. अर्धं पुसलंय, पण वाचता येतं. तुम्ही नका वाचू, मीही नको, माझा मुलगाही नको. ज्याला आम्ही ओळखत नाही असा माणूस बोलवा.

बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. समोरच्या कोपऱ्यावर एका भारतीयाची डेअरी होती, इथे छोट्या किराणा दुकानाला डेअरीच म्हणतात. दूध, ब्रेड, आइस्क्रीम. तिथला माणूस चालेल का, म्हणाल्या. ऑफिसातला माणूस जाऊन दुकानदाराला घेऊन आला. चिराग नावाचा गुजराती मुलगा, पायात जँडल्स म्हणजे रबरी चपला, हातात किल्ल्या. दुकान बंद करून आलोय, लवकर करा, म्हणाला. त्याला काहीच सांगितलं नाही. बाईंनी सील तोडलं, कॅप उलटी करून त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, तुला इथे काय दिसतंय?

त्यानं ती जराशी फिरवली. इंद्रनील जमिनीकडे बघत होता.

"श्री आहे हे," तो म्हणाला. "माझी मम्मी सगळ्यावर काढते. नव्या फ्रिजवरसुद्धा काढलंय."

आणि किल्ल्या वाजवत दुकानात परत गेला. दोन मिनिटांचं काम त्याचं. मी नंतर जाऊन त्याच्याकडून गरज नसताना सहा ब्रेड घेतले.

निकाल दोन विरुद्ध एक लागला. ज्यानं मला प्रश्न विचारला तो अजूनही म्हणतो की नियम तो नियम, हेतू कशाला बघायचा. भांडेना का. त्याचंही अर्धं बरोबर आहे. सामन्यातून बाहेर काढलं ते योग्यच होतं असं निकालात लिहिलंय, आणि मला ते मान्य आहे. पण 'फसवणूक' हा शब्द खोडलाय. बंदी उठवलीय. 'खेळाडूच्या सचोटीबद्दल या समितीला कोणतीही शंका नाही' असं शेवटचं वाक्य आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी ते उभं राहून वाचलं आणि वाचून झाल्यावर चष्मा काढून इंद्रनीलशी हात मिळवला.

जपान गेलं ते गेलंच. ते माझ्यामुळे गेलं. हे मी मरेपर्यंत म्हणणार, आणि तो मरेपर्यंत 'सोड गं' म्हणणार.

नीलांबरी


हिल्सबरो
१८ फेब्रुवारी २००८

अहो,

काल क्राइस्टचर्चला हॉर्नबीच्या मैदानावर राष्ट्रीय स्पर्धेची फायनल झाली. ऑकलंड विरुद्ध कँटरबरी. इंद्रनीलनं पिच केलं.

निकाल लागून पाच महिने झाले तरी लोकांची तोंडं बंद व्हायला तयार नाहीत. सामना सुरू व्हायच्या आधीच समोरच्या कोचनं अंपायरला सांगितलं, याची कॅप तपासा. अंपायरनं तपासली. स्वच्छ. दुसऱ्या इनिंगला इंद्रनील स्वतःच त्याच्याकडे गेला आणि काही न बोलता कॅप उलटी करून दाखवली. तिसऱ्यालाही तेच. लोक हसायला लागले. पाचव्या इनिंगला तो निघाला तर त्याच्यामागून बाकीची आठही पोरं ओळीनं गेली आणि प्रत्येकानं आपली कॅप उलटी करून अंपायरसमोर धरली. आख्खं मैदान उठून टाळ्या वाजवत होतं, कँटरबरीचे लोकसुद्धा. शेवटी अंपायरनं हसत स्वतःची टोपी काढून त्यांना दाखवली. मी वाकून हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि शेजारचा हेमी माझ्या पाठीत धपाटे घालत होता.

सातव्या इनिंगनंतर त्याचं कोपर दुखायला लागलं. चेंडू टाकला की तो हात दोनदा झटकतो, ती खूण मला कळते. हेमीनं बदलायचं का विचारलं, त्यानं मान हलवली. नऊच्या नऊ इनिंग टाकल्या. दोन-एकनं पुढे, शेवटचा माणूस समोर, आणि त्यानं असा एक हळुवार चेंडू टाकला की तो बॅटर जवळजवळ बसलाच. संपलं. पोरं त्याच्या अंगावर कोसळली. मला तो दिसेचना, नुसते पाय दिसत होते.

बक्षिसाच्या वेळी त्याच्या हातात माइक दिला, तेव्हा तो म्हणाला की हा माझा शेवटचा सामना. लोक 'नो, नो' करायला लागले. तो म्हणाला, गेल्या वर्षी मला बाहेर काढलं होतं, आज मी स्वतः बाहेर पडतोय, यात हीप्स, म्हणजे खूपच, फरक आहे. मग माझ्याकडे हात करून सांगितलं, माझी आई कमिटीसमोर उभी राहिली म्हणून मी आज इथे उभा आहे. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी काय करणार? हात हलवला, नव्या नवरीसारखा.

पुढच्या महिन्यापासून तो हॉर्नबीतच मुलांना शिकवणार आहे. राहिलेलं इंजिनिअरिंगही तिथेच पुरं करणार म्हणतो. हे वाचून लगेच खूश होऊ नका. तुमच्यासाठी नाही, त्याच्यासाठी करतोय.

निकालाची प्रत सोबत आहे, खाली मराठी भाषांतर, मीच केलंय. अशा अकरा प्रती पाठवल्यात. त्या पंगतीत जे जे बसले होते त्या प्रत्येकाला एक. निशिगंधानं पत्ते दिले. तुम्ही त्यांना जे सांगितलंत ते तुम्ही परत घेणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मीच जाहीर करून टाकलं. कुंकू, व्हॅसलीन, माझे सहा महिने, सगळं त्यात आहे. मला हसले तर हसू देत.

आता एकच राहिलं. काल विमानात त्यानं मला विचारलं, बाबांना कळलं असेल का गं? मी म्हटलं, कळेल. तो खिडकीबाहेर बघत बसला. पंचवीस वर्षांचा बाप्या, पण बाबा म्हणताना अजून सात वर्षांचा होतो.

तो दोन मार्चला हॉर्नबीला जाईल, तोवर इथेच आहे. रविवारी दहाच्या आधी कुठे जात नाही. तुमच्याकडे तेव्हा मध्यरात्र असते, पण जागे राहा. आपला नंबर बदललेला नाही. फोन वाजला तर मी उचलणार नाही.

नीलांबरी